दुधाची शिदोरी : पाटोद्याहून लंडनपर्यंत

कार्तिकी एकादशी झाली आणि आमच्या पाटोदा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागल्या. हे दर वर्षीचेच आहे. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरावरची माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. २०२५ च्या पावसाळ्यात तर अतिवृष्टीने सोयाबीन आणि कापूस शेतातच सडला होता. त्यामुळे घरी थांबून करायचे तरी काय, असा प्रश्न होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडी-कुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि त्या सगळ्यांवर बसलेली लहान लेकरे, असे तांडे जामखेडच्या रस्त्याने चालले होते.

त्याच आठवड्यात आमच्याही घरून एक बिऱ्हाड निघाले. मात्र आम्हाला जायचे होते विमानाने, थेट लंडनला. मी, माझी सून आणि चार महिन्यांची नात. मुलगा तिकडे लंडनजवळच्या स्लाऊ गावी दवाखान्यात ब्रदर आहे. लग्नानंतर आठ वर्षांनी सूनबाईला दिवस राहिले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे म्हणून ती आष्टीला आली होती. बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा यांतच तीन महिने गेले. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला विमानात वेगळी जागा नसते, तिकीटही नावापुरतेच पडते. पण पासपोर्ट मात्र मोठ्या माणसासारखा त्याचा स्वतःचा लागतो.

मला विमानाची भीती नव्हती. भीती होती ती बाळाच्या दुधाची. सूनबाईला अंगावरचे दूध होते, पण पुरेसे नव्हते. म्हणून डॉक्टरांनी डब्यातल्या पावडरचे वरचे दूध चालू करून दिले होते. दिवसातून पाच वेळा ते लागायचे. घराच्या उंबऱ्यापासून मुलाच्या दारापर्यंत पुरता एक दिवस-रात्रीचा प्रवास. भूक लागली की बाळ काही घाट बघत नाही, विमानही बघत नाही.

माझ्या भीतीला जुने कारण होते. ते सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

१९८६ साली मी आणि हे, असा आमचा एक कोयता होता. मुकादमाची उचल घेतलेली. मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर आम्ही कोपी घातली. पहाटे फडात जायचे, बाळाला बैलगाडीखाली पाचटावर निजवायचे आणि मोळ्या बांधता बांधता मध्येच जाऊन पाजायचे. अंगावरचे दूध होते तोवर त्याला काही झाले नाही. पुढे मला हिवताप आला. आठ दिवस अंथरुणावर होते. दूध आटले. शेजारच्या कोपीतल्या बाईने दया येऊन म्हशीचे पावशेर दूध दिले. ते दिवसभर पुरावे म्हणून मी त्यात कालव्याचे तितकेच पाणी घातले आणि बाजारातून आणलेल्या बाटलीने पाजले. बाटली विसळायची ती त्याच पाण्याने.

चौथ्या दिवशी हगवण लागली. पाचव्या दिवशी टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडायचाही आवाज येईना. उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आम्ही सरकारी दवाखाना गाठला. तिथे रात्रभर चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजली, तेव्हा पहाटे पोराने डोळे उघडले. डॉक्टर रागावून म्हणाले, "बाई, दूध पातळ, पाणी घाण आणि बाटली त्याहून घाण. मग लेकरू जगायचं कसं?"

ते वाक्य माझ्या मनात कोरले गेले. तीन हंगामांनंतर आम्ही ऊसतोड सोडली. पुढे मी गावच्या अंगणवाडीत मदतनीस झाले आणि निवृत्त होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीला तेच सांगत राहिले. सहा महिने अंगावरचेच दूध. ते होतच नसेल तर डॉक्टरला विचारून वरचे दूध, पण वाटी-चमच्याने. बाटली नको.

शिदोरीची तयारी

आता सूनबाई बाटलीवाली आणि मी वाटी-चमच्यावाली. निघायच्या आधी आठ दिवस आमचा हाच वाद चालला होता.

"आत्याबाई, विमान हालायला लागलं की वाटीतलं दूध सांडंल," ती म्हणायची.

"आणि बाटली धुवायला विमानात चूल हाय का?" मी म्हणायचे.

शेवटी दोघींचेही ठरले. चार बाटल्या, त्यांची बुचे आणि बोंडे दहा मिनिटे उकळून, कोरड्या करून, झाकण लावून घ्यायच्या. एकदा वापरलेली बाटली प्रवासात पुन्हा वापरायची नाही. शिवाय स्टीलची झाकणाची वाटी आणि चमचाही उकळून स्वच्छ फडक्यात बांधून घ्यायचा. हे फडके मी माझ्याच पिशवीत ठेवले.

बाळाच्या डब्यातली पावडर कशी असते हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे चहाची दूध पावडर आणि बाळाची पावडर यांत पुष्कळ जणी घोटाळा करतात. म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही असे परदेशातले जाणकार एके काळी म्हणत. आणंदच्या सहकारी डेअरीत दलाया नावाच्या इंजिनिअरांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली तिथला कारखाना सुरू झाला. पण नुसते वाळवलेले दूध म्हणजे बाळाचे दूध नव्हे. गाई-म्हशीच्या दुधात वासराला लागतील तितकी प्रथिने आणि क्षार असतात. लहान बाळाच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही, आणि लोह तर त्यात अगदीच कमी. बाळाच्या पावडरीत हे प्रमाण बदलून त्यात स्निग्धांश, लोह आणि जीवनसत्त्वे घातलेली असतात. तरी ती आईच्या दुधाची बरोबरी करत नाहीच. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला. या पावडरीची जाहिरात करायला त्याने बंदी घातली. डब्यावर गुटगुटीत बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूधच उत्तम हे ठळक छापावे लागते. आमच्याही डब्यावर ते होते. सूनबाई ते वाचून हिरमुसायची. मी म्हणायचे, "ज्याला जमतं त्याच्यासाठी ते लिहिलंय. तुझं तू जेवढं हाय तेवढं पाज, बाकीचं डब्यातलं."

ही पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी तिच्यात बारीक जंतू असू शकतात. म्हणून ती कोमट पाण्यात कालवायची नसते. पाणी निदान सत्तर अंश तापलेले हवे, म्हणजे बोट बुडवता येणार नाही इतके कडक. त्यात पावडर घालून हलवायची, मग बाटली बाहेरून गार पाण्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचे. कालवलेले दूध दोन तासांच्या आत संपवायचे आणि उष्टे राहिलेले टाकून द्यायचे. म्हणूनच प्रवासाला निघताना घरून दूध कालवून न्यायचे नसते. पावडर वेगळी, पाणी वेगळे. एका वेळेची पावडर एका कोरड्या डबीत, अशा आम्ही सात डब्या मोजून भरल्या आणि दोन थर्मासांत उकळते पाणी घेतले. प्रवास पंचवीस तासांचा. दिवसाला पाच वेळचे दूध, म्हणजे सहा डब्या पुरतील आणि वर एक राखीव, असा आमचा हिशेब. न फोडलेला नवा डबा मी मोठ्या बॅगेत, लुगड्यांच्या घडीत जपून ठेवला. ही माझी चूक पुढे आम्हाला भोवायची होती.

आणखी एक शिदोरी मी गुपचूप बांधली होती. घरच्या गाईचे किलोभर तूप आणि खव्याचे पेढे. सूनबाईने ती निघताना पाहिली आणि कपाळाला हात लावला. आपल्याकडून ब्रिटनमध्ये दूध, तूप, खवा, पेढे, मांस यांतले काही नेता येत नाही. जनावरांचे रोग देशात शिरू नयेत म्हणून त्यांचा तसा कायदा आहे. त्यातून सूट आहे ती बाळाच्या पावडरीला, तीही माणशी दोन किलोपर्यंत, कंपनीच्या सीलबंद डब्यात. आता पाहा, दुभती जनावरे पाळणारे आपण, आणि आपल्या नातीसाठी आपल्या गोठ्यातला तुपाचा थेंब नेता येत नाही, डब्यातली पावडर नेता येते. मला वाईट वाटले. पण लाळ्या-खुरकताने गोठा बसलेला मी पाहिला आहे. कायदा त्यांच्या जागी बरोबर होता. तूप घरीच राहिले आणि पेढे मुंबईला ड्रायव्हरच्या पोरांना गेले.

एकच रस्ता

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या दिवशी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. इतकी वर्षे वाट पाहिलेली ती गाडी. पण बाळ आणि सामान घेऊन बदलाबदल नको म्हणून आम्ही मोटारच केली. जामखेड, आष्टी, कडा, अहिल्यानगर, शिरूर, पुणे आणि पुढे मुंबई.

कड्याच्या पुढे एका झाडाखाली आम्ही पहिले दूध कालवले. तिथेच ऊसतोडीचा एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन थांबला होता. ट्रॉलीच्या सावलीत एक पोरगी बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. वय अठरा-एकोणीस असेल. आमचा थर्मास, डब्या, बाटल्या ती कौतुकाने बघत होती.

"आजी, कुठल्या कारखान्यावर?" तिने विचारले.

"लांबच्या," मी म्हटले. मला लंडन म्हणवेना. "तुझं बाळ अंगावर पितंय ना?"

"व्हय."

"मग तुझ्याजवळ समदं हाय बघ. तापलेलं हाय, मापाचं हाय आणि सांडतबी नाही. फडात पाणी पीत जा, उपाशी राहू नको. आणि दूध कमी पडलं तरी बाटली घेऊ नको, आधी दवाखाना गाठ."

ती हसली. तिचा ट्रॅक्टर आणि आमची मोटार एकाच रस्त्याने चालली होती. एकोणचाळीस वर्षांपूर्वी त्या ट्रॉलीत मी होते.

खंडाळ्याच्या घाटात वाहने तुंबली आणि नऊ तासांचे अकरा झाले. मोटारीतच तीन डब्या संपल्या.

मुंबईच्या विमानतळावर तपासणी असते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून पाणी किंवा कुठलाही पातळ पदार्थ नेता येत नाही. बाळाचे दूध, त्याचे पाणी आणि खाणे मात्र प्रवासापुरते नेता येते. ते पिशवीत दडवून ठेवायचे नाही. वेगळे काढून ट्रेमध्ये ठेवायचे आणि आधीच सांगायचे. आम्ही तसेच केले. तपासणाऱ्या बाईंनी थर्मास उघडून पाहिला, डब्या पाहिल्या, माझे वाटी-चमच्याचे फडकेही सोडून पाहिले आणि हसून जाऊ दिले. आत गेल्यावर एका चहाच्या दुकानातून आम्ही उकळते पाणी मागून दोन्ही थर्मास पुन्हा भरून घेतले. विमानात गरम पाणी मिळते, पण ते टाकीतले असते. बाळासाठी आपले उकळलेले जवळ असलेले बरे.

तिथे दोन डब्या लागल्या. उरल्या दोन. हिशेबाने अजून ठीक होते.

आभाळातली डबी

विमानात बसलो आणि विमान जागचे हलेना. अर्धा तास, एक तास, अडीच तास. कारण कोणी नीट सांगेना. बाळ भुकेने कळवळू लागले. चारही बाटल्या वापरून झाल्या होत्या. तेव्हा मी फडके सोडले. जागेवर उभ्या असलेल्या विमानात सांडण्याचा प्रश्नच नव्हता. वाटीत कडक पाणी, त्यात मापाची पावडर, आणि निवल्यावर चमच्याचमच्याने दूध. सूनबाई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहून हसली. पण सहावी डबी संपली होती आणि दहा तासांचा प्रवास अजून सुरूही झाला नव्हता. नवा डबा आमच्या पायांखाली, विमानाच्या पोटात, लुगड्यांच्या घडीत होता. तिथे हात पोचत नाही.

विमान वर चढू लागले की हवेचा दाब बदलतो आणि कानांना दडे बसतात. मोठी माणसे आवंढा गिळतात. बाळाला ते समजत नाही, म्हणून त्याला त्या वेळी चोखायला द्यावे. सूनबाईने पदराखाली घेतले आणि बाळ शांत झाले. आपली कळसूबाई १,६४६ मीटर उंच. विमानाच्या आतली हवा त्याहूनही उंच डोंगरावर असावी तितकी विरळ असते, आणि कोरडी. घसा सुकतो. पाजणाऱ्या आईने तर पाणी मागून मागून प्यावे. मी सूनबाईला दर अर्ध्या तासाला पाणी देत राहिले.

समोरच्या भिंतीला बाळाचा पाळणा अडकवून मिळाला होता. तिकीट काढतानाच तो मागून ठेवावा लागतो. चार तास बाळ झोपले, मग उठले. सूनबाईने दोनदा पाजले तरी कुरकुर थांबेना. आता शेवटची डबी.

सूनबाई हळूच म्हणाली, "आत्याबाई, अजून पाच-सहा तास जायचंत. हिच्यातली अर्धीच घालू का? पाणी तेवढंच ठेवू. अर्धी नंतरला होईल."

डबी माझ्या हातात होती. खरे सांगते, क्षणभर मलाही ते पटले. झाकण उघडून मी निम्मी पावडर वाटीत घातलीही असती. आणि एकदम कोपी डोळ्यांपुढे आली. पावशेर दूध, पावशेर कालव्याचे पाणी, दिवसभर पुरावे म्हणून. तेव्हाही माझी हौस नव्हती, नडच होती. पातळ दुधाने पोट भरते, पण बाळाचे पोषण होत नाही. घट्ट केले तर उलट त्याच्या अंगातले पाणी शोषले जाते. म्हणून माप ते मापच.

मी म्हटले, "नाही पोरी. आता पुरं माप देऊ. पुढचं पुढं बघू. तू घटकेघटकेला पाजत राहा. येईल तेवढं येईल."

पूर्ण डबी घातली. विमान हालत होते, वाटी थोडी डचमळली, माझ्या लुगड्यावर दोन चमचे सांडले. बाटलीवाल्या सूनबाईचेही खरे होते तर! बाळाने बाकीचे संपवले आणि झोपले. त्यानंतरचे सगळे तास सूनबाईने एकटीने काढले. तासाला, दीड तासाला पदराखाली घ्यायची. अंगावर जितके ओढले जाते तितके दूध अधिक येते, हे मी अंगणवाडीत शेकडो वेळा सांगितले होते. त्या रात्री ते डोळ्यांनी पाहिले. आपल्याला दूधच नाही म्हणून महिनाभर झुरणारी पोर आभाळात, परक्या माणसांच्या मध्ये बसून आपल्या लेकीला पाजत होती. विमान उतरतानाही बाळ चोखतच होते, कान दुखून रडले नाही.

मुलगा विमानतळावर आला होता. सामान मिळताच मी आधी लुगड्यांतला डबा काढला. घर अर्ध्या तासावर होते. तिथल्या घड्याळात हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास कमी असतात, पण बाळाच्या पोटात घड्याळ आपलेच होते. पुढचे तीन-चार दिवस आम्ही भूक बघून दूध दिले, काटे बघून नाही.

पंधरा दिवसांनी तिथल्या सरकारी आरोग्य खात्याची नर्सबाई घरी आली. बाळाचे वजन केले, सूनबाईची विचारपूस केली आणि पावडर कशी कालवता ते दाखवायला सांगितले. सूनबाईने दाखवले. आधी हात धुतले. किटलीत ताजे पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत घेतले. आधी पाणी, मग पावडर. चमचा सुरीने सपाट केलेला, दाबून भरलेला नाही. नर्सबाई काय म्हणाली ते मुलाने मला मराठीत सांगितले, "आई, ती म्हणते तुम्ही हे कुठे शिकलात?"

मी म्हटले, "सांग तिला, पाटोद्याच्या अंगणवाडीत." पण मनात म्हटले, उसाच्या फडात.

वाचक भगिनींनो, हल्ली आपली पोरे दूर दूर जातात. तुमच्यावरही हा प्रसंग येईल. तेव्हा आमच्या चुकीवरून एवढे ध्यानात ठेवा. प्रवास जितक्या तासांचा असेल त्याच्या दुप्पट तासांचे दूध धरा आणि ते सगळे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. पावडर कोरडी, पाणी कडक आणि दोन्ही वेगवेगळे. ज्या डब्यातली पावडर त्याच डब्यातला चमचा, कारण देशोदेशीच्या चमच्यांचे माप वेगळे असते. बाटल्या उकळून घ्या, पण वाटी-चमचा विसरू नका. उष्टे दूध टाकताना जीव हळहळला तरी टाका. आणि आईच्या अंगावर थोडे जरी दूध असले तरी तिला पाणी द्या, धीर द्या.

परतीच्या विमानात मी एकटी होते. पिशवी हलकी होती, पण ते फडके, वाटी आणि चमचा मी तिकडेच ठेवून आले. सूनबाईनेच मागून घेतले.